शेवळं आली रानात

रोहिणीचा पाऊस पडतो. तापलेली जमीन निवते. चार-सहा दिवस जातात. मग रानात, पालापाचोळ्यातून, जमीन फोडून एक कोंब वर येतो. त्याला पान नसते. फांदी नसते. नुसता एक सरळ देठ, आणि देठाच्या टोकाला मिटलेली, तपकिरी-जांभळी, लांबट कळी. जणू जमिनीखालून कुणी भाल्याचे टोक वर काढले आहे.

हेच शेवळ.

ठाणे, पालघर, रायगड या भागातल्या माणसाला शेवळ काय ते सांगायला नको. मृग लागला की कर्जत, मुरबाड, शहापूरच्या बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात. कल्याण, ठाणे, दादर इथपर्यंत या जुड्या जातात. तीन-चार आठवडे हा बाजार चालतो, मग संपतो. पुढे वर्षभर शेवळ दिसत नाही.

देशावरच्या वाचकांना हे नाव कदाचित नवे असेल. पण सुरण तर तुम्ही पाहिलाच असेल. शेवळ म्हणजे सुरणाचा रानातला भाऊ. आपल्या परसातला अळू, तोही याच कुळातला. या कुळाची एक खूण आहे. ती डोळ्यांनी दिसत नाही. ती जिभेला कळते. या कुळातले बहुतेक सगळे कच्चे खाल्ले तर खाजतात.

या खाजेवरूनच मागल्या पावसाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एक गोष्ट निघाली.

वर्गात एक नवी सून येते. माहेर तिचे देशावरचे. लग्न होऊन कोकणात आली. घरच्यांनी बाजारातून शेवळाची जुडी आणली आणि म्हणाले, "भाजी कर." तिने आपली मेथी-चुका करावा तशी ती चिरली, फोडणीला टाकली, शिजवली. सगळे जेवायला बसले. दोन घास गेले असतील नसतील, सासऱ्याने ताट सरकवले. धाकटा दीर ओठ चोळत उठला. लहान मुलगी रडायला लागली. सगळ्यांच्या घशात काटे टोचल्यासारखे झाले. सासू म्हणाली, "साधी भाजी येत नाही हिला."

पोरगी वर्गात आली ती डोळे पुसतच. मला म्हणाली, "गुरुजी, मीठ-मसाला सगळं नीट घातलं होतं. मग भाजी खाजली कशी?"

मला अर्धे उत्तर ठाऊक होते. उरलेले अर्धे उत्तर वर्गातच बसले होते. ठाकूरवाडीतली एक आजी आमच्याकडे अक्षरे गिरवायला येते. साठ पावसाळे तिने शेवळं काढली आहेत. ती हसली आणि म्हणाली, "पोरी, काकडं घातलीस का?"

"काकडं म्हणजे काय आजी?"

"मग खाजेल नाय तर काय होईल!"

आता आधी माझे अर्धे उत्तर सांगतो.

शेवळाच्या अंगात एका क्षाराच्या बारीक बारीक सुया असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक नावाचे यंत्र असते, त्यातून बारीक वस्तू मोठी दिसते. त्यातून पाहिले तर या सुया जुडीने बांधून ठेवल्यासारख्या दिसतात. गवताच्या पेंढ्या रचाव्यात तशा. क्षाराचे नाव कॅल्शियम ऑक्झॅलेट. नाव लक्षात नाही राहिले तरी चालेल. सुया लक्षात ठेवा.

आपण कच्चे शेवळ चावले की या पेंढ्या फुटतात आणि सुया जिभेत, गालात, घशात घुसतात. त्यांच्याबरोबर झोंबणारा रसही आत शिरतो. म्हणून आग होते, खाज सुटते, सूज येते. हातालाही तसेच होते. शेवळ चिरताना बोटे चुणचुणतात ती यामुळेच.

झाडाने हे काय म्हणून करावे? विचार करा. उन्हाळाभर रान सुकलेले असते. गुरे, डुकरे, साळिंदर भुकेली असतात. अशा वेळी जमिनीत पिठाने भरलेला कंद आहे, आणि पहिल्या पावसाला रसरशीत कोंब वर येतो आहे. त्याला ना काटा, ना जाड साल. सुया नसत्या तर एक कंद उरला नसता. बाभळीने काटे बाहेर लावले. शेवळाने आत लपवले, इतकाच फरक.

आता आजीचे अर्धे उत्तर. ते जास्त कामाचे आहे.

आजी म्हणाली, पहिली गोष्ट, हाताला गोडे तेल चोळायचे. मग शेवळाच्या बाहेरची पातळ सालपटे काढायची. आत मिटलेली जाड पाकळी असते, ती उलगडायची. तिच्या पोटात एक दांडा दिसतो. या दांड्याच्या खालच्या अंगाला दाणे दाणे चिकटल्यासारखा पिवळसर भाग असतो. तो सगळा कापून फेकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथे. नव्या सुनेने तोच भाग कोवळा आणि छान दिसतो म्हणून ठेवला होता!

राहिलेले शेवळ बारीक चिरायचे.

दुसरी गोष्ट काकडं. काकड हे रानातले मोठे झाड आहे. त्याला बोराएवढी, हिरवी, कमालीची आंबट फळे येतात. आणि ती नेमकी शेवळाच्याच दिवसांत येतात. म्हणून बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडांचा वाटाही मांडलेला असतो. माहीतगार गिऱ्हाईक दोन्ही घेते. काकडं ठेचायची, पाण्यात उकळून कोळायची, गाळायची, आणि त्या आंबट पाण्यात शेवळ चांगले शिजू द्यायचे. काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ किंवा आमसुले घालावी. पण आंबट हवेच. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो ती काही नुसती चवीसाठी नाही.

आंबटाने आणि पुष्कळ शिजवण्याने खाज मोडते, हा आपल्या बायाबापड्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव आहे. ज्यांना अधिक काळजी घ्यायची असेल त्यांनी शेवळ आधी पाण्यात एक उकळी देऊन ते पाणी ओतून टाकावे. ऑक्झॅलेटचा पाण्यात विरघळणारा भाग त्याबरोबर निघून जातो. मुतखड्याचा त्रास असलेल्या माणसाने मात्र शेवळ, अळू, सुरण यांचा मोह आवरलेलाच बरा. मुतखडा पुष्कळदा याच क्षाराचा बनतो.

पुढची भाजी ज्याच्या त्याच्या रीतीने. कुणी वाल घालतात, कुणी चण्याची डाळ. कुणी सोडे घालतात, कुणी कोलंबी. मुंबई-ठाण्याची चांद्रसेनीय कायस्थ आणि पाठारे प्रभू मंडळी तर शेवळांची वाट पाहत बसतात. त्यांच्या घरी शेवळात खिमाही पडतो. रानातली गरिबाची भाजी आणि शहरातली चैनीची भाजी एकच, अशी उदाहरणे थोडीच असतील.

आजीने शेवटी आणखी एक सांगितले. भाजी उतरवली की तिने ती कधी एकदम वाढलेली नाही. आधी स्वतः चिमूटभर जिभेवर ठेवते. थोडा वेळ थांबते. चुणचुणले नाही तरच पोरांच्या ताटात वाढते. चुणचुणले तर पुन्हा आंबट घालून चुलीवर चढवते.

एवढे करूनही कुणाला खाजलेच तर घाबरू नये. पाण्याने चुळा भराव्या. गार दूध किंवा दही तोंडात धरावे. बहुतेक वेळा थोड्या वेळाने आग शमते. पण जीभ किंवा घसा सुजला, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच वेळ घालवू नका. शेवळ चिरलेला हात डोळ्याला लावू नये, हेही मुलांना सांगून ठेवावे.

इतके झाल्यावर वर्गातल्या एका शेतकऱ्याने विचारले, "गुरुजी, शेवळाला पान का नसतं? बिनपानाचं झाड जगतं कसं?"

प्रश्न चांगला होता. मी त्यालाच उलट विचारले, "श्रावणात तुमच्या बांधावर ठिपक्याठिपक्यांचा देठ आणि वर छत्रीसारखं एकच पान, असं झाड येतं की नाही?"

"येतं की. सापाच्या कातडीसारखा देठ."

"तेच शेवळ."

त्याचा विश्वास बसेना. जन्मभर तो ही दोन वेगळी झाडे समजत होता. आणि यात त्याची चूक नाही. शेवळाचे फूल आधी येते आणि पान मागून येते. दोघांची गाठ पडत नाही म्हटले तरी चालेल.

सगळा कारभार जमिनीखालच्या कंदाचा. हिवाळा-उन्हाळा कंद झोपून असतो. वर काहीही दिसत नाही. वणवा गेला तरी तो खाली सुखरूप राहतो. पाऊस आला की साठवलेल्या पिठावर तो फूल काढतो. फूल सरले की पान काढतो. कंदाला पान एकच, पण ते तीन फाट्यांचे, प्रत्येक फाट्याला पुन्हा फाटे, असे पसरते. हे पान पावसाळाभर ऊन खाते आणि खाली अन्न धाडते. त्या अन्नावर जुन्या कंदाच्या जागी नवा कंद भरतो. जुना सुकून जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पान पिवळे पडून लोळते. कंद पुन्हा झोपतो.

कंद लहान असला तर त्याला फूल येत नाही. नुसते पान येते. काही वर्षे असे पान खाऊन कंद पुरेसा भरला, म्हणजेच फूल. हातात पैसा साठल्याशिवाय शहाणा माणूस लग्नकार्य काढत नाही, तसेच हे.

आणि फूल तरी कसे! आपण ज्याला फूल म्हणतो ते एक फूल नाहीच. दांड्यावरचे ते दाणे आठवतात ना? तो प्रत्येक दाणा म्हणजे एकेक फूल. खालच्या ओळींत मादी फुले, वरच्या ओळींत नर फुले. त्याच्यावर लांब शेंडा. आणि सगळ्याभोवती पाकळीसारखे पांघरूण.

कळी उमलली की घाण सुटते. कुजलेल्या मांसासारखा वास येतो. म्हणून खाण्यासाठी शेवळ मिटलेलेच काढतात. उमललेले कुणी घरात आणत नाही. पण ही घाण उगाच नाही. मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या माशा आणि भुंगेरे वासाने फसून येतात, पाकळीच्या तळाशी उतरतात. आधी मादी फुले तयार होतात. नर फुलांचे पराग मागून सुटतात. त्यामुळे किडा दुसऱ्या शेवळावरून पराग अंगावर घेऊन आला तर तो इथल्या मादी फुलांना लागतो, आणि जाताना इथले पराग घेऊन पुढच्या शेवळाकडे जातो. बिचाऱ्याला खायला काही मिळत नाही. नुसती हमाली.

या कुळात घाण वासाचा राजा वेगळाच आहे. तो सुमात्रा बेटावरच्या जंगलात असतो. बेकारी नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 साली तो पाहिला आणि जगाला सांगितला. त्याचे फूल माणसापेक्षा उंच होते, दहा फुटांपर्यंतही जाते. त्याचा कंद शंभर किलोच्या वर भरल्याचेही तोलून पाहिलेले आहे. मोठ्या शहरांतल्या बागांत तो फुलला की लोक रांगा लावून वास घ्यायला जातात. पैसे देऊन दुर्गंधी! आमच्या रानात ती फुकट आहे.

पराग लागले की दांड्यावर फळे धरतात. कणसासारखी. पिकली की ती लालसर होतात, पाखरे खातात, आणि बी रानात पडते. ही फळे माणसाने खायची नाहीत.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. पहिल्या पावसात रानात सापकांदाही येतो. तोही याच कुळातला. त्याच्या फुलाला नागाच्या फण्यासारखे झाकण असते. त्यालाही पुढे लाल कणीस येते. ते मक्यासारखे छान दिसते आणि मुलांचा हात जातो. सापकांदा विषारी आहे. ज्याला ओळख नाही त्याने रानभाजी स्वतः तोडू नये. ओळखणाऱ्याबरोबर जावे.

आता ज्या गोष्टीवरून वर्गात खरा वाद झाला ती सांगतो.

आजी म्हणाली, "आमच्या लहानपणी वाडीच्या मागं शेवळं मिळायची. आता दोन डोंगर चढून जावं लागतं."

एक तरुण म्हणाला, "आजी, तुम्हीच ओरबाडून नेली, मग कशी राहतील?"

आजी चिडली. म्हणाली, "बाबा, शेवळ काढलं म्हणून कंद मरत नाय. आम्ही वरचा कोंब मोडतो. कंदाला हात लावत नाय. तुमच्या यंत्रानं डोंगर सपाट केला, तिथं कंद तरी ऱ्हाईल का?"

मला वाटते, आजीचे बरेचसे खरे आहे आणि तरुणाचे थोडे. कोंब मोडला तरी कंद जगतो, पान काढतो, पुन्हा भरतो. हे खरे. जमीन सपाट करून प्लॉट पाडले, रस्त्यासाठी टेकडी कापली, तर कंदच जातो. मग काहीच उरत नाही. हेही खरे. पण कोंब मोडला त्या साली त्या कंदाला बी धरत नाही. समजा, एका जागी 20 शेवळं आली आणि 20 ही मोडली. जुने कंद आहेत तोवर दर साली शेवळं दिसतील. पण नवा कंद कुठून येणार? साळिंदराने चार खाल्ले, दोन कुजले, की तेवढे कमी. 20 तली 15 काढली आणि 5 उमलू दिली, तर त्या पाचांचे बी सगळ्या उतारावर पडेल.

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आई ठेवायची. म्हणायची, रानाचा वाटा रानाला. आता आपण ठेवलं तर मागनं येणारा मोडून नेतो."

यावर उपाय एकट्या माणसाचा नाही. वाडीने मिळून ठरवायला हवे. आणि तसा अधिकार कायद्याने दिलेला आहे. 2006 साली वनहक्क कायदा झाला. रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना, आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षे रानावर जगत आलेल्या इतर लोकांना, गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क या कायद्याने मानला आहे. गौण वनोपज म्हणजे लाकूड सोडून रानात मिळणारा माल: मध, बांबू, तेंदूपाने, औषधी पाला, मुळे, कंद. दावा ग्रामसभेत मांडायचा असतो. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, ती समिती दावा तपासते. सगळ्या गावाच्या वतीने सामूहिक दावाही करता येतो. रान राखण्याचा, त्यासाठी नियम घालण्याचा अधिकारही त्यात येतो. कोणत्या उतारावर या साली शेवळं काढायची आणि कोणत्या राखायची, हे ग्रामसभा ठरवू शकते. ते कागदावर लिहून, वाचून, सह्या करून ठेवावे. वाचायला शिकलो ते अशाच वेळी उपयोगी पडते.

त्या नव्या सुनेचे काय झाले ते सांगायचे राहिले. पुढच्या आठवड्यात आजी स्वतः तिच्यासाठी ओंजळभर काकडं घेऊन आली. सुनेने आजीच्या सांगण्याप्रमाणे भाजी केली आणि वर्गात डबा घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. कुणालाच खाजले नाही. "सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली," एवढेच ती म्हणाली.

आणि शेवळाला पान येते की नाही म्हणून अडून बसलेला तो शेतकरी? त्याने भाद्रपदात रानातून पिकलेले एक कणीस आणले. हाताला पिशवी बांधून गर काढला, बी धुतले, आणि परसात आंब्याच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी पेरले. या पावसाळ्यात तिथे बोटाएवढी अकरा रोपे उभी आहेत. प्रत्येकाला एकेक पान. फूल यायला अजून काही वर्षे लागतील. सकाळी उठला की तो आधी ती मोजतो.